नऊ शतांश

चेन्नई
८ जानेवारी २०२४

काकी, नमस्कार.

फोनवर आकडे ऐकणार नाही, कागदावर लिहून पाठव, असं तुम्ही म्हणालात. म्हणून लिहितोय. आठवीनंतर मराठीत पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे, स्वल्प सांभाळून घ्या.

विषय असा आहे. आमच्या प्रयोगशाळेत काकांच्या वर्कशॉपमधून आलेले एक्केचाळीस थर्मामीटर आहेत. तुम्हाला माहीतच आहेत ते: मिरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे कार्बनचे तुकडे, प्रत्येकाला चार तारा, आणि प्रत्येकाबरोबर काकांच्या सहीचं प्रमाणपत्र, की इतका रेझिस्टन्स म्हणजे इतकं तापमान. आजवर मॅग्नेट गार झाला की नाही, एवढंच त्यांना विचारलं जायचं. तेवढ्याला ते पुरेसे होते. आता नव्या कामात तापमान शतांशापर्यंत लागणार आहे. म्हणून मी त्यातले सहा उकळत्या द्रव हीलियममध्ये बुडवून बघितले. इथे हीलियम ४.२२ केल्विनला उकळतो. काकांचे थर्मामीटर ४.४६ सांगतात.

आमचे विभागप्रमुख उपेंद्र सर म्हणाले, सगळे भंगारात काढा. १२ एप्रिलला कमिटी बसेल आणि अहवाल मी लिहायचा आहे. माझ्या हाताने काकांचं काम भंगारात जावं असं मला वाटत नाही. काका आता नाहीत, पण वर्कशॉपमध्ये पहिल्यापासून तुम्ही होता. काही सुचलं तर कळवा.

जय


म्हैसूर
१५ जानेवारी

जय,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या माफ. बारावी शुद्धलेखनाची नाही, म्हणून माफ नाही. थर्मामीटरमधून करंट किती सोडलास, ते कुठेच लिहिलेलं नाहीस. पीएच.डी.पर्यंत शिकवतात, पण हे शिकवत नाहीत वाटतं.

मीच सांगते. तुझ्या टेबलावर एक नवा, परदेशी, आपली रेंज आपणच निवडणारा मीटर असेल. हजार ओहमच्या आसपास तो एक मिलिअँपिअर सोडतो. त्याला काय, तो तुमच्या खोलीत बसून खोलीतल्याच वस्तू मोजायला जन्माला आलाय. पण रेझिस्टन्स मोजायला करंट सोडावा लागतो, आणि करंट सोडला की वस्तू तापते. हीलियममधल्या एवढ्याशा दाण्याला तेवढाही ताप सोसत नाही. ताप बघायला जाऊन काखेत निखारा ठेवायचा आणि मग रोगी फणफणलाय म्हणून ओरडायचं, अशी तुझी तपासणी झाली. तुझे काका दहा मायक्रोअँपिअर सोडायचे. तू त्याच्या शंभरपट सोडलास.

आणि त्या चार तारा शोभेच्या नाहीत. दोन तारा करंट नेतात. उरलेल्या दोन नुसत्या बघतात, त्यांच्यावर कसलं ओझं नसतं, म्हणून त्या सांगतात ते खरं असतं. चारही लावल्यास की दोनवर भागवलंस? एकदा करंट सरळ आणि एकदा उलटा सोडून सरासरी काढलीस का? तारांच्या सांध्यांत जो चोरटा व्होल्टेज तयार होतो, तो त्याने जातो.

हे सगळं करून मग मला आकडा लिही. तुझ्या त्या उपेंद्र सरांना सांग, भंगार काय ते आधी नीट मोजून ठरवतात.

तब्येत सांभाळ. तिथली इडली चांगली असते म्हणे, पण सकाळची तिंडी बाहेर खाऊन दिवस काढू नकोस.

कमलिनीकाकी


चेन्नई
२७ जानेवारी

काकी, नमस्कार.

लाज वाटली. मीटर तुम्ही म्हणालात तसाच निघाला. तारा मात्र चारही लावल्या होत्या, एवढी अब्रू शिल्लक आहे.

आता दहा मायक्रोअँपिअर, सरळ आणि उलटा, दोन्ही मोजले. ४.४६ चा ४.३१ झाला. करंट आणखी अर्ध्यावर आणला तरी ४.३१ च राहतो, म्हणजे तापण्याचा भाग संपला. सहाच्या जागी आता सगळे एक्केचाळीस बघितले. शेजारी परदेशी कंपनीचा नवा थर्मामीटर ठेवला, तो ४.२२ सांगतो. आपला प्रत्येक थर्मामीटर नऊ शतांश जास्त सांगतो. एखादा आठ, एखादा दहा.

उपेंद्र सर म्हणतात, कार्बनच्या थर्मामीटरचं हेच होतं, गार-गरम करून करून ते म्हातारे होतात, त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. नऊ शतांश ऐकायला काहीच नाही, पण आमच्या नव्या कामाला ते चालणार नाहीत. अहवालात तसंच लिहू का?

जय


म्हैसूर
३ फेब्रुवारी

जय,

लिही. माणसं म्हातारी झाली की शहाणी होतात असा समज आहे, तो तुझ्या उपेंद्र सरांनी खोटा पाडला, हेही लिही.

कार्बन म्हातारा होतो, ते मला माहीत आहे. त्यांचा जन्म व्हायच्या आधी नाही, पण त्यांना नोकरी लागायच्या आधी मला माहीत होतं. पण म्हातारी माणसं आपापल्या गुडघ्याने लंगडतात. एक उजवीकडे, एक डावीकडे, एखादं अजून ताठ चालतं. एक्केचाळीस म्हातारे एकाच दिवशी, एकाच पायाने, तेवढंच लंगडायला लागले, असं कधी बघितलंयस? हा प्रश्न विभागप्रमुखांना पडला नाही. खुर्चीला चाकं लावून घेतली की माणसाला उठून बघायचा कंटाळा येतो.

तू तेव्हा फ्रॉकएवढ्या शर्टात वर्कशॉपमध्ये यायचास. लष्कर मोहल्ल्यातली ती जागा तुला आठवते की नाही कुणास ठाऊक. डावीकडे तांब्याची भांडी ठोकायचे, उजवीकडे सायकली दुरुस्त व्हायच्या. ठोकणारे जेवायला उठले की आम्ही मोजायला बसायचो, कारण ठोक्याठोक्याला काटा हलायचा. महिन्यातून एकदा आमचा ड्रायव्हर रघु बंगळूरहून हीलियमची टाकी व्हॅनमधून आणायचा. हे त्याला बजावायचे, मूल झोपलंय असं समजून चालव. पोचेपर्यंत निम्मा हीलियम उडून गेलेला असायचा, उरलेल्यात आठ तासांचं काम. त्या आठ तासांत कुणी उठलं नाही, कुणी चहा मागितला नाही. मी रंगाऱ्यांच्या घरातली मुलगी. आमच्याकडे कापड वाळल्याशिवाय रंगाबद्दल बोलायचं नाही, अशी वडिलांची शिस्त होती. लग्न होऊन आले ती त्याच शिस्तीच्या माणसाकडे.

तेव्हा चूक तुमच्याकडे शोध. आमच्याकडे सापडायची नाही.

कमलिनीकाकी


चेन्नई
११ फेब्रुवारी

काकी, नमस्कार.

तुमचं लंगडण्याचं वाक्य मी सरांना इंग्रजीत सांगितलं. खुर्चीचं नाही सांगितलं. ते म्हणाले, हे बरोबर आहे. सगळे सारखेच चुकतायत म्हणजे ते म्हातारे झालेले नाहीत.

पण मग काकी, रागावू नका, त्याचा दुसरा अर्थ असा होतो की ते पहिल्या दिवसापासूनच नऊ शतांश चुकतायत. आमच्याकडची चूक मी दोन वेगळ्या मीटरवर आणि दोन वेगळ्या टाक्यांत शोधली. नाही सापडली. तुम्हीच मला कोपऱ्यात आणून उभं केलंत.

फायदा एकच आहे. सगळे एकाच कारणाने चुकत असतील आणि ते कारण कळलं, तर प्रत्येक प्रमाणपत्रात दुरुस्ती करता येईल आणि थर्मामीटर राहतील. कारण नाही कळलं तर कमिटी त्यांना ठेवणार नाही, कारण उद्या ते आणखी किती चुकतील याची हमी कोण देणार?

काका हीलियमच्या उत्कलनबिंदूवर थर्मामीटर लावून घ्यायचे. हीलियम किती तापमानाला उकळतो हे हवेच्या दाबावर असतं, दाब कमी तर तापमान कमी. काका थेट ४.२२ धरायचे का? की दाब बघायचे? वहीत काही असेल तर कळवाल?

जय


म्हैसूर
१६ फेब्रुवारी

जय,

थेट ४.२२ धरणारे लोक वेगळे. ते पुस्तकातला आकडा उतरवून काढतात आणि चार वाजता घरी जातात. तुझ्या काकांनी एका दिवशीही तसं केलं नाही. टाकी उघडायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, आज दाब किती. आणि तो दाब एकोणीस वर्षं मी त्यांना दिला.

कसा दिला तेही ऐक, म्हणजे तुझ्या कमिटीला सांगता येईल. वर्कशॉपमध्ये बॅरोमीटर नव्हता. होता तो नावाला, काचेच्या कपाटातला, गोल, पितळी; त्याच्या काट्याला वाटेल तिथे थांबायची सवय होती. त्यावर मी विसंबले नाही. मोजमापाच्या दिवशी सकाळी दहा वाजता मी हवामान कार्यालयात फोन करायची आणि त्या वेळचा म्हैसूरचा दाब विचारून घ्यायची, दशांशापर्यंत. सरकारी आकडा, अंदाज नाही. पलीकडच्या माणसाला माझा आवाज ओळखीचा झाला होता. "हां मेडम्, बरकोळ्ळि," म्हणायचा, की लिहून घ्या, आणि सांगायचा. मी दोनदा म्हणवून घ्यायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने आम्हाला आकडे एकाखाली एक असे लिहायला लावले होते की दशांशचिन्हांतून दोरा ओवता यावा. त्या वह्या तशाच आहेत.

एका पानाची झेरॉक्स पाठवते आहे. बघ आणि शीक. तुझ्या प्रयोगशाळेत एवढं कोण करतं ते मला कळव, मी त्याला म्हैसूरपाक पाठवीन.

कमलिनीकाकी


चेन्नई
२१ मार्च

काकी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं, मधे ताप पण येऊन गेला. आता बरा आहे.

थर्मामीटरचं मी असं ठरवलंय. अहवालात लिहीन की फरक सगळ्यांत सारखा आहे, कारण अज्ञात. सर पण म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टी उगाच सुम्ने कशाला उकरायच्या. कमिटी थर्मामीटर वापरातून काढेल, पण भंगारात नाही टाकणार, तेवढं मी बोलून घेतलंय. एक थर्मामीटर आणि काकांचा रेझिस्टन्स मोजायचा ब्रिज दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवतील. खाली काकांचं नाव, पितळी पट्टीवर. येणारे-जाणारे बघतील. मला वाटतं हे चांगलं आहे.

तुम्ही आता याचा त्रास करून घेऊ नका. उन्हाळा सुरू झालाय, दुपारी बाहेर पडू नका.

जय


म्हैसूर
२६ मार्च
(पोस्टकार्ड)

जय,

काचेच्या कपाटात मेलेल्या वस्तू ठेवतात. त्यांनी केलेले थर्मामीटर अजून जिवंत आहेत, तूच लिहिलंस.

तुझं पत्र चौदा ओळींचं आहे. त्यात ताप आहे, उन्हाळा आहे, पितळी पट्टी आहे. मी पाठवलेल्या पानाबद्दल एक अक्षर नाही. तुला लपवता कधी येत नव्हतं. लहानपणी लाडू खाल्लास की स्वतःहून हात धुवायला जायचास.

कारण तुला माहीत आहे. मला सांगायचं नसेल तर नको सांगू. मी माझं बघते.

कमलिनीकाकी


म्हैसूर
२ एप्रिल

जय,

बघितलं.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी, सुमा, इथे कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यांच्या लॅबमध्ये भिंतीवर पाऱ्याचा बॅरोमीटर आहे, माणसाएवढा. शनिवारी वही घेऊन गेले. मुलं परीक्षेला गेली होती, लॅब रिकामी होती. दहा वाजता मी हवामान कार्यालयात फोन लावला. तो जुना माणूस नव्हता, एक मुलगी होती. तिने सांगितलं, १०१२.६ मिलिबार. मी वहीत लिहिलं, आणि सुमाला म्हटलं, आता तुझा बॅरोमीटर वाच. ती वाकून वाचू लागली आणि म्हणाली, ६९४ मिलिमीटर. त्याचे मिलिबार किती होतात, म्हटलं. ९२५, म्हणाली.

मी तिला म्हटलं, तुमचा बॅरोमीटर बिघडलाय. पारा गळत असेल, बघून घे. कॉलेजांना ग्रांट मिळते पण सामान सांभाळता येत नाही, असंही बोलले. मग तिने मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "आंटी, हवामानवाले जो आकडा सांगतात तो समुद्रसपाटीचा असतो. सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून."

"म्हणजे हा म्हैसूरचा दाब नाही?"

"म्हैसूर समुद्रकाठी असतं तर किती असता, तो."

आपण समुद्रापासून साडेसातशे मीटरहून जास्त उंचीवर राहतो, जय. हे मला चौथीच्या भूगोलापासून पाठ आहे. पाणी डोंगरावर लवकर उकळतं, हेही पाठ आहे. चेन्नईला हीलियम ४.२२ ला उकळतो आणि लष्कर मोहल्ल्यात ४.१३ ला, हे मला कळायला त्र्याहत्तर वर्षं लागली. एकोणीस वर्षं मी मोजमापाच्या दर सकाळी, दोन-दोनदा म्हणवून घेऊन, नसलेल्या एका म्हैसूरचा दाब लिहून घेतला. मी विचारायची, आज दाब किती. कुठला दाब, हे एकदाही विचारलं नाही. हवामानवाल्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही. तो काचेच्या कपाटातला काटा, ज्याला मी नावं ठेवली, तो कायम नऊशेवीसच्या आसपास रेंगाळायचा. मला वाटायचं, बिघडलाय.

तू पान बघितलंस आणि तुला तेव्हाच कळलं. पाच आठवडे तापाचं निमित्त केलंस. प्रेमाने केलंस, ठाऊक आहे. पण तुझ्या प्रेमाचा हिशोब बघ: माझी अब्रू राखायला तू त्यांचे एक्केचाळीस थर्मामीटर कपाटात घालायला निघालास. कारण अज्ञात म्हणे. कारण म्हैसूरला राहतं, त्याला पेन्शन नाही, आणि ते रोज सकाळी दोन इडल्या खातं.

आता कामाचं. माझे आकडे चुकीचे असले तरी मनचे नाहीत. त्या दिवशीच्या हवेचा चढउतार त्यांत जसाच्या तसा आहे, फक्त वर उंचीचे सत्त्याऐंशी जास्त आहेत. प्रत्येक दिवसातून ते वजा केले की म्हैसूरचा खरा दाब परत मिळतो. मी तसे वजा केले. मग काकांच्याच तक्त्यावरून प्रत्येक दिवसाचा उत्कलनबिंदू नव्याने काढला. सुमाने तिच्या कॉम्प्युटरवर तपासून दिला, एकही चुकला नाही. सोबत सगळ्या एक्केचाळीसांची यादी आहे: नंबर, तारीख, जुना आकडा, दुरुस्त आकडा. तू ज्यांना ४.३१ म्हणतोस ते आता ४.२२ वाचतील. हजारावा भाग इकडेतिकडे होईल, तो तुझ्या उपेंद्र सरांना बोलायला ठेवलाय.

अहवालात तीन गोष्टी लिहायच्या नाहीत. हवामान कार्यालयाची चूक, असं लिहायचं नाही. त्यांनी नेहमीचा आकडा दिला. मानवी चूक, असं लिहायचं नाही. ते भित्र्या माणसांचं वाक्य आहे. आणि काकांची चूक, असं मुळीच लिहायचं नाही. सही त्यांची आहे, पण गणित त्यांनी बरोबर केलं होतं. त्यांना चुकीचा आकडा मी दिला. दाबाची नोंद कमलिनी, असं स्पष्ट लिही.

ते आज असते तर त्यांनी काय केलं असतं, याचा मी दोन दिवस विचार केला. माझ्या मते वही पुढे ओढली असती आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली असती.

कमलिनीकाकी


चेन्नई
१३ एप्रिल

काकी, नमस्कार.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस राहिले.

तुमची यादी मी काल कमिटीपुढे ठेवली. त्यांनी तिथेच दहा थर्मामीटर निवडले आणि म्हणाले, आमच्यासमोर मोजून दाखव. दहाही शतांशाच्या आत आले. उपेंद्र सरांनी हजाराव्या भागाबद्दल विचारलं, तुम्ही म्हणाला होता तसं. मग म्हणाले, इतकी व्यवस्थित चूक मी कधी बघितली नाही, दुसऱ्या कुणी बेफिकिरीने केली असती तर दुरुस्तच करता आली नसती. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. काचेच्या कपाटाचं रद्द झालं.

मी पान बघितलं त्याच मिनिटाला मला कळलं होतं. पाच आठवडे ते पान माझ्या बॅगेत होतं. रोज पत्र सुरू करायचो. माफ करा.

एक काम उरलंय. दुरुस्त प्रमाणपत्राच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मूळ नोंद कुणी केली, नाव आणि हुद्दा. नाव लिहिलं. हुद्द्याला अडलो. काकांच्या जुन्या कागदांत शोधलं, वर्कशॉपच्या कुठल्याच कागदावर तुमचा हुद्दा नाही. नावही नाही. सर म्हणाले, मालकांच्या पत्नी असं लिहा, चालेल. मला ते बरं वाटलं नाही. काकी, तुम्ही तिथे नक्की काय होता?

जय


म्हैसूर
१९ एप्रिल

जय,

मालकांच्या पत्नी हा हुद्दा असेल, तर तुझ्या सरांच्या घरीही एखादी वैज्ञानिक रिकामी बसलेली असणार. तिला बोलावून घ्या, नव्या कामाला उपयोगी पडेल.

तू विचारलंस तो प्रश्न एकोणीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाइकांनी नाही, तपासायला येणाऱ्यांनी नाही, ह्यांनीही नाही. मी स्वतःला तरी कुठे विचारला? सगळं बरोबर चाललंय असं वाटत होतं तोवर माझ्या नावाची कुठे गरजच पडली नाही. नऊ शतांश चुकले, तेव्हा लोकांना वाटलं, इथे कुणीतरी होतं.

लिही: मापन सहायक. मुख्य मापक लिहिलं असतं, पण तो हुद्दा त्यांचा होता.

आणि एक्केचाळीसही प्रमाणपत्रं इकडे पाठव. टाइप केलेलं नाव नको. सही मी करीन.

कमलिनीकाकी